आरशावरचा हात

शनिवार, ८ मार्च २०२५

चि. शीतल हिस,
सप्रेम जय भीम.

हे पत्र तुझ्या नावानं लिहितोय, पण ते तुझ्या एकटीसाठी नाही. या रस्त्यानं ज्यांचं माणूस चिरडलं, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांना ठाण्याच्या बाकावर बसवून 'गाडीचा नंबर आणा, मग बघू' असं सांगितलं गेलं, त्या आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरासाठी ते आहे. तू वाच, मग त्यांना वाचून दाखव.

तुझी तब्येत बरी असेल. मेसचं जेवण उतरत नसेल तर तुझ्या खोलीतल्या पल्लवीजवळ डबा देत जाईन. हे पाकीटही तिच्याच हाती देतोय. इकडं हळद काढणी संपत आली. तुझ्या आईच्या टोळीत तिची जागा कुणी घेतली नाही, बायका एक कमीच जातात.  तुझा भाऊ सुमेध जेवतो, पण ताटाकडं बघत.

फोन का केला नाही असं तुला वाटेल. फोनवर मी भाषण करतो, हे तुला माहीत आहे. आणि फोनवरचं बोलणं नाकारता येतं. कागदावर सही राहते.

बुधवार, बारा फेब्रुवारीचा दिवस तुला आठवतो तसा मलाही आठवतो. आदल्या संध्याकाळी फाट्यावर तुझ्या आईला गाडीनं उडवलं होतं. सकाळी आठपासून आपण ठाण्यात होतो. दोन तासांनी जमादारानं वही उघडली. सुमनबाई तेवढी एक बघणारी. ती म्हणाली, "पांढरी गाडी व्हती साहेब. डाव्या अंगाचा आरसा फुटून पडला अन् तशीच पळाली."

"पांढऱ्या गाड्या जिल्ह्यात किती हायेत, मोजून या," जमादार म्हणाला. मग सुमेधकडं वळला. "अन् बाई कडंनं चालत व्हती का मधून?"

"कडंनं."

"तू व्हतास तिथं?"

"न्हाई."

"मंग?"

त्यानं वही मिटली. त्या वही मिटण्याच्या आवाजानं माझ्या डोक्यात जे पेटलं ते मी आजही चूक म्हणणार नाही. तुझी आई शवागारात होती आणि हा माणूस तिलाच आरोपी करत होता. मी उठलो आणि म्हणालो, रस्ता बंद. बारा वाजता फाट्यावर दीडशे माणसं बसली होती.

पुढचं वस्तीत असं सांगितलं जातं: आरोपी गाडी घेऊन आला, लोक बघून शेतातून पळायला लागला, जमावानं अडवला, जमाव चिडला. तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या वेळी, मीही माईक घेऊन हेच सांगितलं. चांगुणाला एका दिवसात न्याय मिळाला, असं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू नाही वाजवल्यास. तू माझ्या हाताकडं बघत होतीस.

गेल्या रविवारी मी नांदेडला गेलो होतो. कुणाला सांगितलं नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यात पुंजाजी आहे, आपण त्या दिवशी अडवलेला तो पिकअपवाला. दाराशी एक शिपाई खुर्ची टाकून बसलेला. पुंजाजीचा जबडा तारांनी बांधलाय, उजवा डोळा गेला, डाव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. त्याची बायको नानीबाई उशाशी होती. मी कुठल्या तरी संघटनेचा असेन असं समजून तिनं मला स्टूल दिलं.

"आमी कुरुंद्याचे," ती म्हणाली. "मंगळवारी सांजच्याला गाडी दारात व्हती भाऊ, हळदीचे कट्टे भरून राहिलो व्हतो. साऱ्या गल्लीनं पाहिलं. पर कोन विचारतं? बुधवारी हिंगोलीच्या बाजाराला निगाले. रस्ता बंद, अन् बोली व्हायच्या आत पोचायचं म्हून शेतातून गाडी घातली."

मी स्टूल मागं सारलं. 

तेवढ्यात पुंजाजीनं एका डोळ्यानं मला ओळखलं. त्यानं उजवा हात वर उचलला, खांद्याच्या वर, आणि मूठ हवेत अशी धरली जणू काही पकडून उभा आहे. धरलेलीच ठेवली. नजर माझ्यावर.

"असंच करून राहिलेत सारखं," नानीबाई म्हणाली. "डाक्टर म्हन्ते डोस्क्याला मार लागला. काहून करते, काई समजत न्हाई."

मला समजलं.

शीतल, आता जे लिहितोय ते लिहायला मला सहा दिवस लागले. पिकअप बांधावर अडली तेव्हा लोक गोंधळात होते. कुणी म्हणत होतं जाऊ द्या, कुणी म्हणत होतं नंबर लिहून घ्या. मला मागच्यांना दिसायचं होतं. मी गाडीच्या डाव्या फुटबोर्डावर चढलो आणि तोल सांभाळायला डावा आरसा धरला. धडधाकट आरसा. त्यात माझं तोंड दिसलं, मी केसांवरून हातसुद्धा फिरवला. मग बोललो. पांढरी गाडी आहे, याच रस्त्याची आहे, आणि बघा, पळून राहिली आहे, असं म्हणालो. डाव्या आरशाचे तुकडे आदल्या संध्याकाळपासून फाट्यावर पडलेले मी स्वतः पाहिले होते, आणि डावा आरसा हातात धरून मी हे बोललो.

पुंजाजी उतरून, वळसा घालून माझ्या पायाशी आला होता. हात जोडून. "मालक, मी न्हाई, मला जाऊ द्या," म्हणत होता. वरून वाकून त्याची कॉलर मी धरली. पहिली थोबाडीत मी मारली. त्यानंतर जमाव.

तुला ते सगळं दिसलं आहे, कारण तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून फोन धरला होतास. माझं भाषण म्हणून व्हिडिओ काढत होतीस. सुमेधच्या हातात कुदळीचा दांडा होता. जबड्याचं हाड मोडलं तो आवाज ओल्या फांदीसारखा होता, तो मी फुटबोर्डावरून ऐकला. कट्टे फाटून हळकुंडं खाली सांडली, त्यावर रक्त पडलं, माणसं त्यावरून घसरत होती आणि घसरून उठून पुन्हा मारत होती. एक म्हातारा चप्पल काढून मारत होता, त्याच्या तोंडाला फेस आला होता. मी खाली उतरून हात आडवा घालू शकलो असतो. माझ्या आवाजाला ती माणसं थांबली असती, कारण त्याच आवाजानं ती उठली होती. मी बोलत राहिलो. शेवटी सुमेधचा दांडा आरशावर बसला आणि काच माझ्या पायावर पडली.

दोन तास वही न उघडणारा जमादार दहा मिनिटांत आला. पुंजाजीला गाडीत टाकलं आणि बॉनेटवरच पंचनामा लिहिला. पांढरी गाडी, डावा आरसा फुटलेला, घटनास्थळी आरशाचे तुकडे. आरोपी पळताना पडून जखमी. "वक्ते, तुमचं काम झालं, आमचंबी झालं," तो म्हणाला. "आता मारामारीचं कोन कशाला काढतंय. करा सही."

वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी या तालुक्यात तीस वर्षं सांगत आलो. मी वाचलं. फाट्यावरच्या तुकड्यांत नारिंगी प्लास्टिक होतं, आरशातल्या इंडिकेटरचं. त्या पिकअपच्या आरशात इंडिकेटर नव्हता. कागदावर नारिंगी प्लास्टिकाचा उल्लेख नाही, हेही मला दिसलं. पंच क्रमांक एक म्हणून मी सही केली.

आणि दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला. 'मामा, व्हिडिओ डिलीट करू का?' मी एका शब्दात उत्तर दिलं. 'कर.' आयुष्यात एवढं छोटं भाषण मी कधी केलं नव्हतं.

काल सुमेधला हे सगळं सांगितलं. तो चुलीपुढं बसला होता. त्यानं लाकूड आत सारलं.

"म्हंजे तुमी भाषण करायचं अन् जेलात मी जायचं," तो म्हणाला.

"पहिला मी जातो. व्हिडिओत पहिला हात माझा आहे."

"अन् आईचं काय?"

"आईला मारणारा फिरून राहिला, सुमेध. फाईल बंद झाली, आता त्याला कुणी शोधत नाही. आपण त्याची राखण करून राहिलो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "मामा, तुमचं बोलनं कदी चुकत न्हाई," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. एवढा घाण टोमणा मला आजवर कुणी मारला नव्हता. तो हो म्हणाला की नाही, मला माहीत नाही. तुला भाऊ एकच आहे हे मला कळतं. तरी तो व्हिडिओ मागतोय.

सोमवारी पुंजाजीच्या जामिनाची तारीख आहे. त्याच्या वकिलाकडं नानीबाईच्या शब्दाशिवाय काही नाही. कुरुंद्याची गल्ली साक्षीला येईल, पण 'नातलग आहेत' म्हणून उडवली जाईल. आरसा धड होता हे दाखवणारी एकच वस्तू या जगात आहे. तिच्यात माझा हात आहे, सुमेधचा दांडा आहे, वस्तीतली वीसएक ओळखीची तोंडं आहेत. म्हणूनच ती खरी आहे.

मोबाईलच्या एका दुकानात नाव न सांगता विचारलं. डिलीट केलेलं फोनमध्ये तीस दिवस राहतं, मग कायमचं जातं. तेरा तारखेला तू पुसलं असशील तर पुढच्या शनिवारी ते संपेल. माझं ऐकलं नसशील, तर तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

आपल्यावर अन्याय झाला. तो खोटा नव्हता. ठाण्यातला तो बाक खरा आहे, मिटलेली वही खरी आहे, आणि त्याविरुद्ध मी मरेपर्यंत बोलेन. पण आता कुरुंद्यात एक बाई तशाच बाकावर बसली आहे, आणि तिला तिथं मी बसवलंय.

ये, शीतल. सोमवारी सकाळी साडेदहाला कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या टपरीपाशी मी उभा असेन. तो फोन घेऊन ये, आणि हा कागदही. दोन्ही माझ्या हातात देऊ नकोस. सरळ पुंजाजीच्या वकिलाच्या हातात दे.

तुझ्या आईचा भाऊ,
पंच क्रमांक एक,
धम्मानंद