पान कोणतं?

अकोला,
६ जुलै २००४

चि. सौ. साधनास जमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्रास कारण आपली पुस्तक-भिशी. या खेपेचं पुस्तक बार्शीटाकळीच्या तुझ्या माणिककाकूकडून आणि अमरावतीच्या शाइस्ताकडून वाचून झालं. आता ते शाइस्ताच्या आईकडे, म्हणजे आपल्या सिताराबाईंकडे अचलपूरला गेलं आहे. तिथून परतवाड्याला तुझ्याकडे येईल. सोबत अभिप्रायाची वही आहेच. कादंबरी नाही, खरा खटला आहे. चाळीस वर्षांपूर्वी एका वकिलाच्या कारकुनानं बायकोला विहिरीत ढकललं आणि तिचा पाय घसरला म्हणून गावभर रडला, त्याची हकिगत. वाचायला बसण्याआधी गॅस बंद कर, माझी डाळ करपली.

वहीत भांडणं लागली आहेत. माणिकबाई लिहिते की त्या बाईले तोंड नव्हतं काय, कोणाले सांगितलं काहून नाही. शाइस्ता म्हणते, लेखकाला नवऱ्याचाच पुळका, बायकोच्या वाट्याला वीस पानंही नाहीत. मी लिहिलं की पुस्तक चांगलं, पण ती बाई डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तिनं एकदा तरी बोलायला हवं होतं.

गेल्या दोन खेपा तुझं पान कोरं आहे. लग्नाआधी तुझ्या हातातून पुस्तक ओढून घ्यावं लागायचं, ते विसरलीस वाटतं. अकरा जणींचे अभिप्राय मी दहापैकी गुण देऊन तपासते, आणि ज्या घरी सर्वांत कमी गुण पडतील त्या घरी वर्षाची बैठक होते, हा नियम दुकानदारीणबाईंनाही लागू आहे.

भगवंतरावांच्या दुकानात सध्या बियाण्याला गर्दी असेल. त्यांना नमस्कार सांग. तब्येत जप, पत्र टाक.

तुझी माया लावून बसलेली,
जमुनाआत्या


परतवाडा,
२६ जुलै २००४

ती. आत्यास साधनाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व क्षेम आहे. हे माझी फार काळजी घेतात. मला थकवा येतो म्हणून शक्तीचं औषध आणलं आहे. रोज संध्याकाळी दुकानातून आले की स्वतःच्या हातानं पेल्यात ओतून देतात आणि माझं पिऊन होईपर्यंत समोर बसतात.

अधिक महिन्याच्या जेवणाला बाबांनी आम्हा दोघांना बोलावलं आहे. पण मला प्रवास झेपणार नाही, म्हणून हे एकटेच बार्शीटाकळीला जातील.

पुस्तक वाचलं. चांगलं आहे. अभिप्राय वहीत लिहिला आहे, वही सिताराबाई पाठवतील. या वेळी गुण नाही दिलेस तरी चालेल. नुसतं वाच.

हे पत्र ते स्वतः पेटीत टाकणार आहेत आणि त्यांना उशीर होत आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
साधना


अकोला,
३ ऑगस्ट २००४

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

वि. वि. वही मिळाली. तुझा अभिप्राय वाचून मला आधी हसू आलं, मग शाळेतला राग आला. पुस्तक चाळलंस तरी का? तू लिहितेस, खुनाच्या आधी नवरा शेजारीपाजारी सांगत फिरतो की माझी बायको उदास असते, एक दिवस काही करून घेईल, तुम्ही लक्ष ठेवा. तू लिहितेस की पेला रिकामा होईपर्यंत तो समोरून उठत नाही. आणि शेवटी लिहितेस की असं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं तर नंतर कोणी काही विचारत नाही. हे कुठून आणलंस? पुस्तकात विहीर आहे, पेला नाही. तो कारकून खुनाआधी कोणाशी चकार शब्द बोलत नाही, तेच तर त्याच्यावर शेकतं. मी समासात लाल शाईनं विचारलं आहे, पान कोणतं?

मला वाटतं, भगवंतराव जे कौतुकानं करतात ते तू त्या खुन्याच्या नावावर लिहून टाकलंस. गरीब बिचारे जावई. त्यांना दाखव, तेही हसतील. दहापैकी तीन. बैठक तुझ्याच घरी होणार, असं दिसतं.

वही एसटी पार्सलनं दुकानाच्या पत्त्यावर पाठवत आहे, म्हणजे हरवायची नाही. सुधारून लिही.

रागावते, पण जीव तुझ्यातच आहे.
जमुनाआत्या


परतवाडा,
९ ऑगस्ट २००४

ती. आत्याबाईंस भगवंतचा सा. नमस्कार.

वि. वि. वही मिळाली. वाचली. आपण गुरुजनच, आपल्या नजरेतून काही सुटत नाही.

साधनाबद्दल आपणास कळवायचं होतंच. गेल्या काही महिन्यांपासून ती मनानं खचली आहे. बोलत नाही, एकटीच बसते. एक दिवस काही करून घेईल, ही धास्ती मला सतत असते. आमच्या दुकानात फवारणीची औषधं असतात, आणि या दिवसांत आमच्या भागात अशा बातम्या नाहीत असा आठवडा जात नाही. म्हणून मी शेजारच्या बायकांना सांगून ठेवलं आहे की लक्ष असू द्या. परवा बार्शीटाकळीला जेवताना मामांनाही, म्हणजे आपल्या दादांना, सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अशा माणसाच्या हाती खुनाची पुस्तकं देऊ नयेत, असं मला वाटतं. वही मी जपून ठेवली आहे. तिला आता लिहिणं झेपणार नाही, तेव्हा आपणही पत्रांचा त्रास घेऊ नये. काही कमीजास्त झाल्यास मी स्वतः कळवीन.

आपल्या मायेचा धनी,
भगवंत


अकोला,
१३ ऑगस्ट २००४

प्रिय सिताराबाई, जमुनाचा नमस्कार.

शाळेत सतरा वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना वह्या तपासल्या. आज मी एक पत्र वहीसारखं तपासत बसले आहे.

सोबत भगवंतरावांच्या पत्राची नक्कल पाठवत आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं, की पोरीला निदान काळजी करणारा नवरा आहे. संध्याकाळी पुन्हा वाचलं. मग साधनाचा अभिप्राय आठवला. एक दिवस काही करून घेईल. लक्ष असू द्या. तिनं खुन्याच्या तोंडी लिहिलेली वाक्यं त्यांच्या पत्रात तशीच आहेत. आणि मी तिला विचारलं, पान कोणतं. ते विचारलेलं त्यांच्याच हातात पाठवलं.

दुकानावर फोन केला. सकाळचे अकरा वाजले होते. ते म्हणाले की ती झोपली आहे. काल केला, तेव्हाही झोपली होती. खुशालरावदादाला केला तर तो म्हणतो की जावई देवमाणूस आहे, पोरगीच लहानपणापासून हळवी.

मला एवढंच सांगा, ते पुस्तक साधनाकडे किती दिवस होतं? आणि काहीतरी निमित्त काढून तिला पाहून या. विचारू काही नका. फक्त पाहा. मी चुकत असेन तर मला हसा. तुमच्या हसण्याची वाट पाहत आहे.

तुमची,
जमुना


अचलपूर,
१७ ऑगस्ट २००४

प्रिय जमुनाबाई, सलाम.

हसायला जमलं नाही, माफ करा.

पुस्तक तिच्याकडे एकच दिवस होतं. दुसऱ्या दिवशी भगवंतराव मोटारसायकलवर येऊन परत देऊन गेले, म्हणाले की तिला वाचवत नाही. मग त्या शुक्रवारी ती औषधाच्या दुकानाचं निमित्त करून माझ्याकडे आली. वही मागितली आणि उभ्या उभ्या लिहिलं. चहासुद्धा घेतला नाही. मी समजले, घाई आहे. तिनं पुस्तक वाचलेलंच नाही, बाई.

काल वांग्याचं बी पाहिजे म्हणून दुकानात गेले. दुकानामागेच घर. त्यांनी अदबीनं आत नेलं, चहा करवला आणि पूर्ण वेळ खुर्ची टाकून बसले. साधना समोर होती. तिचे डोळे जड होते, कपबशी दोन्ही हातांनी धरली तरी वाजत होती. मी म्हटलं, बेटी, वाळली तू. तिच्याऐवजी त्यांनीच सांगितलं की भूक नाही तिले. निघताना शेजारीण अंगणात भेटली. मी काही विचारायच्या आत ती बोलली की लई सोसून राहिला बिचारा, ती काही करून घेईन एक दिवस. 

शाइस्ताला अमरावतीला फोन लावला. तिच्या दवाखान्यातल्या वॉर्डात हल्ली रोज कोणीतरी फवारणीचं औषध पोटात गेलेलं येतं. घरचे सांगतात ते कारण कागदावर चढतं, पुढं विचारायला कोणाला उसंत नाही. माझ्या साजिदनं ठाण्यात ओळखीच्या जमादाराला सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, झालं काय ते सांगा. झालं नाही, तेवढंच आपल्या हातात आहे.

पत्र लिहीत बसू नका. या.

तुमची,
सितारा


अकोला,
१९ ऑगस्ट २००४

चि. भगवंतराव यांस जमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. एक आनंदाची बातमी. आमच्या पुस्तक-भिशीची वर्षाची बैठक तुमच्या घरी येत्या रविवारी, बावीस तारखेला आहे. ज्या घरी सर्वांत कमी गुण तिथे बैठक, हा आमचा जुना नियम, आणि साधनाला तीन गुण आहेत. वहीत पाहून घ्या, लाल शाईत आहेत. हे पत्र शनिवारी पोचेल. उत्तराची तसदी घेऊ नका, आम्ही निघालेल्या असू.

दहा जणी येत आहोत. भाकरी, पिठलं, ठेचा बांधून आणू, तुम्हाला काही करायला नको. तुमच्या शेजारच्या तिन्ही घरी मी वेगळी पत्रं टाकली आहेत. त्यांना कळवलं आहे की साधना अगदी ठणठणीत आणि हसतखेळत आहे, तिला श्रावणात माहेरपणाला नेत आहोत, आणि निरोपाला सगळ्यांनी यावं. हेच मी दादाला, बाकी नऊ जणींना, शाइस्ताच्या डॉक्टरबाईंना आणि साजिदच्या ओळखीच्या जमादारांनाही कळवलं आहे. तुमच्याकडूनच शिकले, आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं असतं.

रविवारी दाराशी साधनाच आम्हाला घ्यायला येईल, ही अपेक्षा.

तुमच्या भल्यावर नजर ठेवून असलेली,
जमुनाआत्या


अकोला,
५ सप्टेंबर २००४

ती. सिताराबाईंस साधनाचा नमस्कार.

तुम्हाला लिहायचं रोज ठरवत होते. हात आता बराच स्थिर झाला आहे, अक्षरावरून दिसेलच.

तो रविवार तुम्ही पाहिलाच, पण तुम्हाला न दिसलेलं सांगते. शनिवारी आत्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले की उद्या चांगलं लुगडं नेस. त्या संध्याकाळी औषध दिलं नाही. मी रात्र कशी काढली ते मलाच ठाऊक.

मग तुम्ही सगळ्या आलात. आत्यानं त्यांच्याकडून वही मागून घेतली. सतरंजीवर बसून एकेक जण अभिप्राय वाचत होती, शेजारणी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या आणि ते दारात खुर्ची टाकून हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. माणिककाकूनं त्यांना तोंडावर विचारलं की जावईबापू, तुमीच काहून वाळून राहिले. सगळ्या हसल्या, तेही हसले. त्याच गडबडीत काकूनं आतल्या फळीवरची बाटली उचलून आपल्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली घातली. एसटी स्टँडवर त्यांनी माझी बॅग स्वतः चढवली, लवकर परत पाठवा म्हणून सगळ्यांना हात जोडले. मग खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाले की औषध घरीच राहिलं, मी स्वतः घेऊन येईन.

घरी गेल्यावर त्यांना फळी रिकामी दिसली असेल. त्या दिवसापासून त्यांचं पत्र नाही, फोन नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते. शाइस्तानं बाटली तपासायला दिली आहे, अजून निकाल नाही. इथे बेल वाजली की आत्या आधी खिडकीतून पाहते आणि मगच कडी काढते. संध्याकाळी सात वाजले की माझी जीभ आपोआप कडू होते.

बाबा आले होते. बराच वेळ माझ्याकडे पाहत बसले. मग म्हणाले की मी त्याले तेहतीस अनारसे देल्ले, आणि तू कशी आहेस तेबी त्यालेच इचारलं.  परत पाठवण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आता मुख्य गोष्ट. ते पुस्तक मी इथे आल्यावर खरंच वाचलं, सावकाश, चार दिवस. तुमच्या सगळ्यांचे अभिप्राय त्या रविवारी ऐकले होतेच. बहुतेकींनी तेच लिहिलं आहे, की त्या बाईनं कोणाला सांगितलं का नाही.

तिनं सांगितलं आहे. अंगणात सांडगे घालताना ती जावेला म्हणते की हल्ली हे मला पाण्याला एकटीला जाऊ देत नाहीत, विहिरीवर सोबत येतात. जाऊ हसून म्हणते की नशीबवान आहेस. अर्धी ओळ आहे, आणि पुढच्याच वाक्यात लेखक पावसापाण्यावर जातो. तुम्हा दहा जणींपैकी कोणाच्याच नजरेला ती पडली नाही, आणि पुस्तक न वाचताच मीही तिच्यासारखंच आडून सांगितलं होतं.

मी आत्याला दाखवलं. तिनं चष्मा काढला, पुसला आणि तेवढंच पुन्हा वाचलं. मग आपल्या अभिप्रायाखाली लाल शाईनं स्वतःला शून्य दिलं. पुढची बैठक तिच्या घरी.

पुस्तक साजिदभाईंबरोबर तुमच्याकडे पाठवत आहे. पान एकशे बारा. कोपरा दुमडून ठेवला आहे. परतवाड्याच्या आमच्या त्या शेजारणीलाही वाचायला द्या.

तुमच्या घरचा चहा प्यायचा राहिलेली,
साधना