खडपाच्या डावीकडून

१३ जाने., मंगळ.
शाळेतल्या तन्वीबाई आल्या होत्या. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला कुठून उतरायचं ते मी पाचवीच्या पोरांना शिकवायचं, तेही पडद्यावर चित्रं दाखवून. हो म्हटलं खरं. मी शाळेची पायरी न चढलेली. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्या वाचून. लॅपटॉप ठेवून गेल्या, कसं करायचं तेही दाखवलं. जिवंत कुर्ली नांग्या चुकवून धरते, माऊस मात्र हातात राहत नाही.

१५, गुरु.
चार चित्रं झाली. फोटोवर लिहिलेलं खाडीचं नाव नेमकं मोठ्या खडपावर, पाण्यातल्या त्या खडकावर, येत होतं. एक बटण दाबलं, तर खडप पलीकडे गेला, जागा मोकळी. मग चित्र बघून खाली लिहिलं : खडपाच्या उजवीकडून चाला. लई खूश.

१६, शुक्र.
झालं एकदाचं. पोरांकडे बघितलंच नाही, पडद्यावरचं वाचत गेले. मुंबईहून नवीन आलेली तेजल सगळं वहीत उतरवून घेत होती. रविवारी अमावास्या, मोठी सुकती, पाणी लांबवर उतरणार. म्हणाली, आम्ही जाणार.

१७, शनि.
दुपारी शेजारच्या सुशिलेला चित्रं कौतुकाने दाखवायला गेले. ती बघून म्हणते, "गो बाय, काठावरचा देऊळ त्या बाजूक कधी गेला?"
पडद्याजवळ जाऊन बघितलं. नुसता खडप नाही, सगळी खाडीच आरशातल्यासारखी उलटी झालेली. वाळू डावीकडे. उजवीकडे चिखल, माणूस गिळणारा. पन्नास वर्षं डावीकडून चालले आणि लिहिलं...
शाळा सुटलेली. बाईंचा फोन लागेना. घरोघर फिरले. बाकीच्यांच्या घरी आया-आज्या खाडीतल्याच, हसल्या, पोरांना समजावलं. तेजलकडे तसं कोण नाही. तिने वही उघडून दाखवली.
"आजी, तू विसरलीस. पडद्यावर उजवीकडेच होतं."
मीच उलटं केलं म्हटलं. तिची आई म्हणाली, कंप्युटर कसा चुकेल हो काकू, आणि चहा ठेवला. मी पेन्सिलीने वहीतलं 'उजवीकडून' खोडलं. पोरीचा चेहरा उतरला. एवढं नीट लिहिलेलं पान. दारातून वळून बघितलं तर तिच्या हातात रबर, माझी रेघ पुसायला.

१८, रवि.
सकाळी तेजलकडे परत गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली मामाकडे गेलीत, परस्पर खाडीवर येणार. कुठल्या वाटेने ते तिला माहीत नाही.
बाईंचा फोन अजून बंद.
तीन वाजले. पाणी उतरतंय. सुशिलेला वाळूच्या बाजूला थांब म्हटलंय, मी चिखलाच्या काठाला.
ती विचारते, "दोरी कित्याक घेतलंस गो?"
दोरी कमरेला बांधली. निघते.