नमुना क्रमांक ३१७

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सायं. ७.१०
मैत्रीची निवड झाली! मोठं संशोधन आहे. किशोरवयीन मुलांचं आरोग्य. झोप, खाणं, खेळ, मोबाइल, मूड, सगळं मोजणार. शाळेत पालकांची मीटिंग झाली. डॉ. वल्लरी आगाशे म्हणून बाई आल्या होत्या, त्या हे सगळं चालवतात. मैत्रीला क्रमांक मिळाला ३१७.

भाग्यश्रीचं म्हणणं, निवड कसली, नववीचा अख्खा वर्ग घेतलाय. बायकोनं नवऱ्याच्या आनंदावर असं पाणी ओतू नये.

३१७ म्हणजे किमान तीनशे सोळा मुलं स्पर्धेत आहेत. पहिला नंबर आलाच पाहिजे. डॉ. वल्लरी तीनदा म्हणाल्या की यात पास-नापास नाही. सगळ्या परीक्षांच्या आधी असंच सांगतात.

शिवाय तपासणी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. फॅक्टरीत बावीस वर्षं क्वालिटीला आहे. माझ्या टेबलावर तीन ट्रे. पास, रिवर्क (पुन्हा दुरुस्तीला), स्क्रॅप (थेट भंगारात). तपासणीचा नमुना गुपचूप बदलणाऱ्या दोघांना मी स्वतः मेमो मिळवून दिलाय. बुद्धभूषण ओव्हाळच्या टेबलावर लबाडी चालत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी ६.३५
मैत्रीला क्लासला सोडून आलो. क्लास शनिवार पेठेत, पावणेसहाला. फाउंडेशन क्लास आहे, इंजिनियरिंगची तयारी आत्तापासून. खडकीहून स्कूटरवर वीस मिनिटं. ती मागे बसून पेंगते आणि तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटतं. म्हणून सॅक मी हल्ली पोटावर घेतो, तिला पाठ मोकळी मिळते. बाप म्हणून इतकं करतो मी.

डॉ. वल्लरींनी काल स्लाइड दाखवली. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. या वयात शरीराचं घड्याळच मुलांना उशिरा झोपवतं आणि उशिरा उठवतं, असं म्हणे. आमच्या वेळी शरीरात घड्याळ नव्हतं. भिंतीवर एक होतं, तेही बंद. झालोच ना मोठे?

ता. क. मैत्रीची हॉकी जूनपासून तात्पुरती बंद आहे. स्टिक कपाटावर ठेवली आहे. फेकलेली नाही. हे नोंदवून ठेवतो.

त्याच दिवशी, सायं. ८.०५
पालकांचा फॉर्म भरला. आधी पेन्सिलने, मग पेनने.
मुलीशी रोज किती वेळ संवाद होतो? दोन तास. (स्कूटर धरून. मी बोलतो, ती ऐकते.)
कुटुंब एकत्र जेवतं का? रोज. (टीव्हीवरची चर्चा पाहत. मुळात त्यालाच एकत्र म्हणतात.)
मुलीला काही त्रास असल्यास ती तुम्हाला सांगते का? हिला काही त्रासच नाही. तसं लिहिलं.
भाग्यश्रीनं फॉर्म वाचला. म्हणाली, हे कुठलं घर आहे, मला पत्ता द्या, मी तिकडे राहायला जाते.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सायं. ७.३०
मैत्रीसाठी अपेक्षित प्रश्नसंच काढला. चाळीस प्रश्न, आदर्श उत्तरांसह. उदा. तुला उदास वाटतं का? नाही, मुळीच नाही. थकवा येतो का? छे. मन मोकळं करायला घरात कोण आहे? वडील.

तिनं सगळा वाचला. मग विचारलं, पप्पा, खरं लिहिलं तर मार्क कापतात का? मी म्हटलं, खरं हेच आहे. ती म्हणाली, बरं. मुलगी समजूतदार आहे. आमचा संवाद हा असा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सायं. ६.४५
शाळेत मुलांच्या मनगटावर बँड बांधले. झोप, नाडी, श्वास, पावलं, सगळं त्यात नोंदवलं जातं. आठवडाभर काढायचा नाही. पालकांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप. त्यात रोजची झोप गोलात दिसते. हिरवा गोल चांगला, लाल वाईट. बाकी तपशील फक्त संशोधकांना.

मच्छिंद्र शेलारची तनयाही याच वर्गात. मच्छिंद्र माझ्याच सेक्शनला. तिचा क्रमांक ३१८. म्हणजे मैत्रीच्या मागेच. शुभचिन्ह.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी १२.४०
सकाळी विहारात वंदना झाल्यावर मी दोन शब्द बोललो. मैत्रीची राष्ट्रीय पातळीवरच्या संशोधनासाठी निवड झाल्याचं जाहीर केलं. (राष्ट्रीय असं कुणी म्हटलेलं नाही. पण नाही असंही म्हटलेलं नाही.) टाळ्या झाल्या. यमुनाबाई विहारात सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी टाळ्या थांबवून विचारलं, बुद्धभूषण, पोरगी वाळली का रं एवढी? मी म्हटलं, उंची वाढतेय.

घरी येऊन अ‍ॅप उघडलं. शुक्रवार रात्र: चार तास पन्नास मिनिटं. लाल. शनिवार रात्र: पाच तास पाच मिनिटं. लाल. रविवारीसुद्धा क्लासची टेस्ट असते, त्याला मी काय करू?

बँड ढिला असणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर. दुपारी १.१५, फॅक्टरी
चहाच्या सुट्टीत मच्छिंद्रनं तनयाचा गोल दाखवला. न विचारता. आठ तास वीस मिनिटं, हिरवागार. तनया कुठल्याही क्लासला जात नाही, संध्याकाळी खो-खो खेळते. अशानं काय होणार तिचं? मी तोंडावर म्हणालो, छान. मग मशीनवर जाऊन तीन पीस विनाकारण दोनदा मोजले.

हार मानणार नाही. बँड सदोष आहे. सदोष साधन दुसऱ्या माणसावर लावून बघायचं, हा आमच्या कामाचा साधा नियम. तात्पुरतं कॅलिब्रेशन करतो.

त्याच दिवशी, सायं. ८.५०
मैत्रीला म्हटलं, बँड दे, तपासून बघतो. तिनं काढून दिला. म्हणाली, म्हणजे माझी झोप आता तुम्ही झोपणार? विनोदबुद्धी माझ्याकडून आली आहे.

याला नमुना बदलणं म्हणत नाहीत. तिथे वाईट हेतू असतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी ७.००
साडेनऊला पाठ टेकली, पावणेपाचला उठलो. सव्वासात तास! गोल हिरवा. मैत्रीचं प्रोजेक्ट होतं, ती कधी झोपली कल्पना नाही, पण अ‍ॅपप्रमाणे साडेनऊला.

भाग्यश्री आठवडाभर हॉलमध्ये झोपतेय. म्हणते, आत कुणीतरी रंधा मारत असतं. मी शांत झोपतो. एकदाही ऐकलेलं नाही.

फॅक्टरीत बँड फुल शर्टाच्या बाहीखाली. माझं काम स्टुलावरचं, पावलं होत नाहीत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली हात हलवला. सहा हजार दोनशे पावलं. मच्छिंद्रनं विचारलं, हाताला काय झालं? मी म्हटलं, व्यायाम. त्याला गोल दाखवला. त्यानं आपला मोबाइल खिशात ठेवला. वा!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सायं. ७.४०
बँड शाळेत जमा. चार हिरव्या रात्री. मोहीम फत्ते. मैत्री आज स्कूटरवर इतकी गाढ झोपली की संगम पुलावर तिचा हात सुटला. मी वेळेत धरला. काही झालं नाही. भाग्यश्रीला सांगितलेलं नाही. उद्यापासून एका हातानं गाडी चालवावी.

बुधवार, २६ नोव्हेंबर. दुपारी ३.२०
संविधान दिनाच्या कार्यक्रमात होतो. उद्देशिकेचं वाचन चालू असताना डॉ. वल्लरींचा फोन आला. उद्या दोघं पालक मैत्रीला घेऊन या, फोनवर बोलता येणार नाही. मच्छिंद्रला असा फोन आलेला नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं. अर्थ स्पष्ट आहे. इस्त्रीला शर्ट टाकला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. सायं. ६.००
झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डॉ. वल्लरींनी दार लावून घेतलं. मी म्हटलं, फोटो काढायचा असेल तर उजेडात काढू. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, घाबरू नका, हे निदान नाही, पण मुलीच्या नोंदी बघून आम्हाला काळजी वाटतेय. झोपेत श्वास अडखळतो. तासाला वीस-बावीस वेळा. ऑक्सिजन खाली जातो. नाडी सतत जास्त. या वयात असं सहसा दिसत नाही. मैत्री फार घोरते का?

भाग्यश्रीनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

आणखी एक, डॉ. वल्लरी हळू आवाजात म्हणाल्या. रोज संध्याकाळी आठ ते नऊ नाडी एकदम एकशे वीसच्या वर जाते. त्या वेळी घरात हिला कुणी रागावतं का? ती वेळ टीव्हीवरच्या चर्चेची. मी त्यांच्याशी भांडत असतो, तेही बसून.

मग म्हणाल्या, एक रात्र हॉस्पिटलमध्ये ठेवून तपासणी करू, सकाळी रक्त काढू, हृदयाचंही बघून घेऊ. मैत्रीचा चेहरा पांढरा पडला. सुईला ती लहानपणापासून घाबरते. पाचवीत लस टोचताना शाळेच्या गेटबाहेर पळाली होती. मला वाटलं, आता सांगणार ही. सांगून टाक बाई.

ती म्हणाली, चालेल मॅडम. कधी यायचं?

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. हात तेवढा बाहीत ओढून घेतला.

मी उभा राहिलो. म्हटलं, मॅडम, नमुना बदललेला आहे. त्यांना कळेना. मी बाही वर केली. मनगटावर बँडनं उठलेलं पुरळ अजून होतं. म्हटलं, सतरा तारखेच्या रात्रीपासून हा मी आहे. वय अठ्ठेचाळीस. असं बोलताना मेमो मिळालेले ते दोघे आठवले. त्यांची मान कशी खाली होती ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

डॉ. वल्लरींनी रिपोर्ट उचलून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, मग ही काळजी तुमची. मग मैत्रीला विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, पप्पांनी विहारात सांगितलंय सगळ्यांना. आणि हॉस्पिटलमध्ये एक दिवस क्लासला उठवलं नसतं.

भाग्यश्रीनं पर्समधून रुमाल काढला आणि मला दिला. मला का दिला ते कळेना. मग कळलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सकाळी ७.२०
आज क्लासला दांडी. मी उठवलं नाही. फक्त आजच्या दिवस, हे स्पष्ट आहे. बँड ढिला होता यावर मी अजून ठाम आहे. मी दगडासारखा माणूस. माझा श्वास कशाला अडखळेल?

बुधवार, ३ डिसेंबर. सकाळी १०.३०
माझी हॉस्पिटलची रात्र झाली. डोक्याला, छातीला वायरी. श्वास तासाला सत्तावीस वेळा अडखळला. बँडनं कमीच दाखवलं होतं. म्हणजे तो सदोष होता, हे माझं म्हणणं खरं ठरलं.

रक्त काढताना मैत्रीनं माझा हात धरला होता. तोंड दुसरीकडे करून.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ९.४०
संशोधन संस्थेचं पत्र आलं. सहभागी क्रमांक ३१७ च्या नोंदी अभ्यासातून वगळण्यात येत आहेत. सहकार्याबद्दल आभार. मच्छिंद्रला सांगितलेलं नाही. तनयानं सांगितलंय.

आता रात्री मी हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क नाकावर लावून झोपायचं. फॉर्मवर एक रकाना होता, मशीन नीट वापरलं जातंय यावर लक्ष ठेवणारी घरातली जबाबदार व्यक्ती. मी पेन भाग्यश्रीपुढे केलं. ती म्हणाली, मी अठरा वर्षं ऐकलंय, माझी सेवा झाली. मैत्रीनं सही केली. तिच्या अटी: साडेनऊला दिवे बंद, चर्चा बंद, रोज मैदानाच्या तीन फेऱ्या. संवाद रोज अर्धा तास. ती बोलणार, मी ऐकणार.

ता. क. मैत्रीचा क्लास तात्पुरता बंद आहे. क्लासची पुस्तकं कपाटावर ठेवली आहेत. फेकलेली नाहीत. हे नोंदवून ठेवतो.

आज मैदानावर ती स्टिक घेऊन पळत होती. सहा महिन्यांनी. दम लागला, पडली, उठली, हसली. हसते तेव्हा तिचा एक दात पुढे दिसतो, हे मी विसरलो होतो. बघत बघत दुसऱ्या फेरीत कठड्यावर बसलो. तिनं गोलपोस्टजवळून सगळ्यांसमोर ओरडून मला उठवलं.

घरी आल्यावर माझ्या मशीनचा आठवड्याचा रिपोर्ट तिनं तपासला. वर लाल पेनानं लिहिलं: रिवर्क. मी म्हटलं, माझ्या टेबलावर इतका वाईट पीस सरळ स्क्रॅपला जातो.

म्हणाली, अजून आठ दिवस बघते.