प्रिय मतदार

बर्टी,

शाळा मंडळाच्या तुझ्या पहिल्या निवडणुकीत पाकिटांची तिकिटं चाटून चाटून माझी जीभ सुजली होती. आता तू पाचव्यांदा खासदार होऊन वॉशिंग्टनला गेलास. "सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसू नये," हे तुझं भाषण मला पाठ आहे, आणि पटतंही.

पण तू ज्या विधेयकाला हात वर केलास, त्याने सरकारी पैसा आटला आणि आपल्या गावचं इस्पितळ बंद पडलं. माझी लेक लुएला साठ मैलांवरच्या इस्पितळात जाताना, गव्हाच्या शेताकडेला, गाडीतच बाळंत झाली. बाळ निळं पडलं होतं, नशिबाने वाचलं. मी तुला सगळं लिहिलं.

उत्तर आलं: "प्रिय मतदार, आपलं मत कळवल्याबद्दल आभार." खाली यंत्राने उमटवलेली तुझी सही. अरे गधड्या, ती सही गिरवायला तुला मीच शिकवलं ना!

चिडून तुझ्या कचेरीत फोन केला. पोरगी म्हणाली, "पिनकोड सांगा, बाई. आमच्याच मतदारसंघातल्या ना तुम्ही?"

"अगं, मी त्याची सख्खी बहीण आहे!"

"हो, पण पिनकोड?"

नोव्हेंबरच्या निवडणुकीत माझं मत तुलाच पडेल, हेच तर दुखणं आहे.

हे पत्र मात्र पाठवत नाही. पाठवलं, तर पुन्हा उत्तर येईल.

तुझी थोरली बहीण,
व्हर्निटा