परवाना रद्द होऊन मिळण्याविषयी

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब,
जिल्हा कचेरी, परभणी.

विषय : जिंतूर येथील तंबूतल्या सिनेमाचा परवाना कृपा करून रद्द करण्याबाबत.
संदर्भ : मागील अर्ज, 'अर्जदाराने समक्ष हजर व्हावे' या शेऱ्यासह परत आलेला.

मेहेरबान महोदय,

अर्जदार मन्मथअप्पा, राहणार पालम, हा गावोगावी तंबू ठोकून सिनेमा दाखवतो. त्याला लिहिता येत नसल्याने त्याच्या सांगण्यावरून हा अर्ज अर्जनवीस किशनराव लिहीत आहे. उर्दू तर्जुमा सोबत आहे.

१. 'तंबूत उघडा विस्तव नसावा' अशी परवान्यात अट आहे. ती मोडली, हे अर्जदार नाकारत नाही. महाशिवरात्रीच्या खेळात पडद्यावर शंकर प्रकट झाले, तेव्हा अर्जदाराची बायको गंगम्मा बायकांच्या कनातीतून उठली आणि तिने पडद्यासमोर कापूर लावला. तिच्यामागे निम्म्या बायका हात जोडून आल्या. परवाना अधिकारी साहेबांनी जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली, "देव समोर उभा हाय आन् मी निस्ती बघत बसू का? तुमी बसला असता का?" हे बोलणे उद्धट धरले गेले. अर्जनविसाच्या मते प्रश्न रास्त होता.

२. अट मोडल्यास अधिकाऱ्याने ताकीद द्यावी किंवा परवाना रद्द करावा, याहून जास्त शिक्षा हे अदालतीचे काम, असे परवान्याच्या पाठीवर छापलेले आहे. साहेबांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. त्यांनी मशीनच्या पत्र्याच्या खोलीला लाखेची मोहोर केली आणि चौकशी संपेपर्यंत ती अर्जदारानेच राखावी, असा हुकूम दिला. मोहोर निघाली तर चोरीचा खटला. अर्जदाराने जागा सोडली तरी मोहोर मोडल्याप्रमाणेच समजणार. परवान्याची पाठ वाचून दाखवली, तर साहेब म्हणाले, "ही शिक्षा थोडीच आहे? ही चौकशी आहे."

३. खोलीचे दार पश्चिमेला आहे. दुपार कलली की पत्रा तापतो, लाख मऊ पडते, मोहोरेची अक्षरे पसरू लागतात. ताडपत्री बांधू का विचारले, तर चौकशीच्या मालावर काही बांधायचे नाही, असे उत्तर मिळाले. म्हणून अर्जदार मोहोरेवर छत्री धरून उभा राहतो. तो जेवायला बसला की गंगम्मा धरते. बाजारच्या दिवशी माणसे मुद्दाम बघायला येतात. "अप्पा, आता ह्योच खेळ दावायलास का?" असे विचारतात. अर्जदार आधी हसत असे.

४. समक्ष हजर होण्यासाठी जागा सोडायला हवी. जागा सोडण्याची परवानगी परवाना अधिकारी साहेबांकडे मागितली. ती जिल्हा कचेरीतून आणावी, आणि आणायला समक्ष जावे, असे त्यांनी सांगितले. म्हणून हा अर्ज गंगम्माच्या हाती पाठवला आहे.

५. अर्जदार इन्साफ मागत नाही. तो मागून झाला. परवानाच रद्द झाला, तर चौकशी कशाची करणार? मोहोर काढावीच लागेल. तरी साहेबांच्या हाती असलेली सर्वांत मोठी शिक्षा अर्जदारास देववावी. या धंद्यावर त्याने लेकरासारखी माया केली. तो बंद करा, हे सांगताना अर्जदार रडला. तेवढे लिहू नका, असे त्याने बजावले होते.

हुकमाची वाट बघत उन्हात उभा असलेला,
आपला नम्र अर्जदार,
मन्मथअप्पा
(निशाणी अंगठा, अर्ज पोचवणार गंगम्मा)

जिंतूर, ५ खुर्दाद १३५३ फसली

सोबत : परवान्याची नक्कल, उर्दू तर्जुमा, शेऱ्यासह मागील अर्ज. शिवाय कागदाच्या पुडीत लाखेचा एक तुकडा. वरील अंगठा उठवण्यासाठी अर्जदाराने छत्री गंगम्माच्या हाती दिली, तेवढ्यात हा तुकडा गळून पडला. अर्जदाराने तोडलेला नाही. तुकड्यावर सरकारी मोहोरेचा अर्धा भाग अजून वाचता येतो.