भेटीच्या दिवसाचे कपडे

सोमवार

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, तर शेजारची इस्त्रीवाली! माझं सामान अजून गाडीतून उतरलं नव्हतं, तर ही बया कमरेवर हात ठेवून दारात. मी कोण, कुणाची, किती दिवस राहणार, सगळं विचारून घेतलं. मला तर फार आवडली. मुलाच्या घरी बोलायचं कुणाशी? तोंड उघडलं की सून म्हणते, आई, हळू, माझी मीटिंग चालू आहे. हिची मीटिंग उठल्यापासून झोपेपर्यंत.

तर मी आता भाच्याकडे आलेय. धाकट्या बहिणीचा मुलगा, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतो. ही जुनी इमारत घेऊन त्यानं कारखाना थाटलाय. स्टुडिओ म्हणायचं बरं का, कारखाना म्हटलं की त्याचं नाक फुगतं. लांबच लांब खोली, भिंतीलगत दारापर्यंत एकच बाकडं आणि वर ओळीनं लाकडी खुंट्या. खुंट्यांवर बाहुल्या, तोंडं सगळ्यांची भिंतीकडे. शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मला हसूच फुटलं.

मुलाच्या घरी फरशा बदलतायत, तेवढ्यापुरतीच मी इथं. रविवारी न्यायला येतो म्हणालाय. नातीनं, माझ्या खारूताईनं, ही वही दिली. रोज लिही, आल्यावर मी वाचणार, असा हुकूम सोडलाय. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, पण नातीपुढे कुणाचं चालतं? वही, पेन, सुई-दोरा, सगळं कमरेच्या पिशवीत ठेवलंय.

मंगळवार

आज मला काम मिळालं! बाहुल्यांचे कपडे शिवायचे. किती वर्षांनी कुणाला माझ्या हातांची गरज पडली. भाच्यानं एकच बजावलं, मावशी, कापड कोरंच वापर, कुणाच्या अंगावरचं नको. का, तर म्हणे वापरलेल्या कपड्याला माणसाची सवय लागलेली असते, मग बाहुली दोरीचं ऐकत नाही. त्याला त्याच्या गुरूनं सांगितलंय. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

पण कोरं कापड म्हणजे नुसता पुठ्ठा. सुई वाकली, बोट टोचलं. मग माळ्यावर चिंध्या शोधायला गेले तर ही मोठी ट्रंक! आत सदरे, पातळं, एक बारीक चौकड्यांचं जाकीट. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण घडी अशी कडक, की आत्ताच कुणी इस्त्री फिरवलीय. असं सोनं उंदरांना घालायचं? दिवसभर कापलं, शिवलं. नव्या खेळातल्या म्हातारीसाठी ट्रंकेत मनासारखा रंग सापडेना, तर माझ्याच जुन्या जांभळ्या पातळाचा पदर कापला. म्हातारी इतकी गोड दिसायला लागली! भाच्याला काही कळलं नाही. पुरुषांना कापडातलं काय कळतंय?

गुरुवार

इस्त्रीवाली गप्पा मारायला आली आणि जाकीट घातलेल्या बाहुलीपाशी थबकली. हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, हे जाकीट मी दर शनिवारी इस्त्री करायची.

इथं आधी म्हाताऱ्यांना ठेवायचे म्हणे. घरात जागा नाही, कुणाची बदली, कुणाच्या फरशा. (फरशा म्हणाली ती.) रविवार हा भेटीचा दिवस. सगळे ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून ह्याच बाकड्यावर ओळीनं बसायचे, नजर दाराकडे. पहिले काही रविवार माणसं यायची. मग फोन यायचे. मग तेही नाही. तरी कपडे घालायचे आणि बसायचे.

मी विचारलं, जागा बंद झाली तेव्हा ते गेले कुठं? ती म्हणाली, न्यायला गाडी आलेली काही मी बघितली नाही. मग म्हणाली, तव्यावर भाजी आहे, आणि गेली. भाजीबिजी काही नव्हती.

रविवार

ठेवणीतली साडी नेसून सकाळीच बाकड्यावर बसले. मुलाचा फोन आला. फरशीवाला फसवतोय, पुढच्या रविवारी नक्की. सूनबाईची मागून मीटिंग.

फोन ठेवला आणि वर बघितलं. जुन्या कपड्यातल्या बाहुल्यांची तोंडं भिंतीकडे नव्हती. सगळ्यांची दाराकडे. मी हात लावलेला नाही.

सोमवार

भाच्याला सगळं सांगून टाकलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. कात्री घेऊन टाके उसवायला लागला. टाके निघाले, कापड निघेना. लाकडाला कातडीसारखं धरून बसलंय. जांभळ्या पदराच्या म्हातारीला हात घातला तेव्हा माझ्या खांद्यात कळ आली. मी ओरडले. त्यानं हात काढला.

मुलाला फोन लाव म्हटलं. लावला. तो म्हणाला, आईला सवयच आहे, काहीतरी काढून बोलवून घ्यायची.

बुधवार

गुडघे वाकत नाहीत. वाकले की टक् असा आवाज होतो, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा.

भाचा मावशी म्हणून हाक मारतो. मी ओ देते. तो बघतो तिच्याकडे, जांभळ्या पदरवालीकडे —

शुक्रवार

आज ती बाकड्यावर बसली होती. मला बसायला जागाच नव्हती. भाच्यानं तिच्यापुढे चहा ठेवला. इस्त्रीवाली तिच्याशी गप्पा मारून गेली. मी दोघींच्या मध्ये उभी होते, हाका मारत होते. आवाज घशात — दोरा अडकावा तसा —

आता माझ्या शेजारी जाकीटवाले आहेत. खुंटीवर. चांगले आहेत. दाराकडेच बघतात फक्त.

रविवार

आले. आले गं बाई, आले!

मुलगा तिच्याशेजारी बसला. तिनं मान हलवली, त्यानं फोन काढला. सून म्हणाली, आई किती शांत झाल्यात, इथं मानवलंय त्यांना. इतकी हसून माझ्याशी कधी बोलली नव्हती.

खारूताई तेवढी बसेना. वर बघत राहिली. बाबा, आजी तिथं टांगलीय म्हणाली. बापानं दटावलं. पोर रडली. मी इथंच होते राणी, हात हलवत होते, दोरी तेवढी —

डावा हात गेला. उजवा अजून ऐकतो. वही पिशवीतच होती. तू वाचणार म्हणालीस ना — मागितलीच नाहीस — बाबांनी ओढत नेलं —

दारातून मुलगा म्हणाला, फरशा झाल्या, पण आईला इथंच बरं दिसतंय. येत जाऊ. पुढच्या रविवारी नक्की.

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांची तोंडं दाराकडे. माझंही वळतंय, मी वळवत नाही, आपोआप —

रविवारी येतो म्हणालेत. रवि