सगळं मोडलं, चासी शाबूत

तीर्थस्वरूप भावोजी,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षात वाकवत नाही, पण कागदावर वाकायला काय जातंय?) तुमचा खोकला कसा आहे? ताईचे गुडघे? मी बरा आहे. बरा म्हणजे कामावर जातो, जेवतो, झोपतो, आणखी काय असतं माणसाचं! सात महिन्यांनी पत्र आलं म्हणजे याला काहीतरी हवं असणार, असं ताई म्हणेल. तिला सांगा, काही नको आहे. सहज लिहितोय.

आपली रिमोटची गाडी झकास आहे, हे कळवायला हरकत नाही. तिची जुनी प्लॅस्टिकची चासी, म्हणजे अख्खा पाठकणाच, काढून मी कारखान्यातल्या मशीनवर स्वतः कापलेली ॲल्युमिनियमची बसवली आणि त्यावरूनच आपलं वाजलं. तुमचं म्हणणं, शिवणीत शिंपी माया ठेवतो तशी गाडीच्या पाठीलाही थोडी लवायची सोय हवी. (तुम्ही जन्मभर कपडे शिवलेत, तुम्ही दुसरं काय म्हणणार!) माझं म्हणणं, लवते ती चासी कसली? तर सांगायला आनंद वाटतो की माझी चासी आजही जशीच्या तशी आहे. बाकी सगळं मोडलं.

झालं असं, की पहिल्याच रविवारी क्लबच्या मैदानावर गाडी वळणावरच्या फळीला धडकली. पूर्वी अशा वेळी चासी जराशी वाकायची, दणका पोटात घालायची आणि गाडी पुढे जायची. आता चासी हलेना, म्हणून दणका गेला पुढच्या चाकाच्या दांडीला. दांडी तुटली. मी दांडी धातूची केली, तर दांडी जिथे बसते तो ठोकळा फुटला. ठोकळा धातूचा केला, तर चाकं वळवणाऱ्या मोटरचे दात गेले. तेही पोलादी आणून बसवले आणि आता गाडीत मोडण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून हात झटकतोय, तोवर गाडीने फळी उडवली आणि पलीकडे उभ्या असलेल्या क्लबच्या सेक्रेटरींची नडगी गाठली. सेक्रेटरी पंधरा दिवस लंगडत होते. चासीवर ओरखडा नाही.

वळायचं तर विचारूच नका. गुळगुळीत फरशीवर ती अशी वळते की बघत राहावं. पण आपलं मैदान म्हणजे खाचखळग्यांचं माहेरघर. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं हवेत, आणि गाडी उताणी. शिवाय बोट जरा हललं तरी ही बया गर्रकन तोंड फिरवते. जुनी गाडी असलं सगळं सांभाळून घ्यायची.

क्लबचा नियम तसाच आहे. ज्याची गाडी मोडली, त्याने उरलेला वेळ वळणावर उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. माझी अजूनही पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी मोडून घेतेच, त्यामुळे सध्या त्या वळणाचा मीच राखणदार. (उन्हात टाळू भाजते. टोपी तुमच्याकडे राहिलीय. असू दे.) तिथून रिमोट घेऊन उभं राहायचा चालकांचा ओटा समोर दिसतो. डावीकडून दुसरी जागा तुमची. ती रिकामी असते. परवा एक नवा गृहस्थ तिथे उभा राहिला, तर मी उगाचच त्याच्यावर खेकसलो. अजिबात करमत नाही हो भावोजी.

ताई म्हणते, आपलं वाजलं त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणालो, "तुमचे हात थरथरतात, त्यात गाडीचा काय दोष?" मला तर असं काही म्हटल्याचं आठवत नाही. तरी तुम्ही मनाला लावून घेतलं असेल तर घेऊ नका.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमचा मेहुणा

ता.क. जोडीची शर्यत येत्या रविवारी आहे. एक गाडी, दोन चालक, तासभर आलटून पालटून. आपल्या दोघांची नावं घातलीत. मुदत संपत होती म्हणून तुमची सही मीच ठोकली. तुमच्यासारखी करायची म्हणून हात मुद्दाम हलवायला लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही, हल्ली तो आपोआपच हलतो. डॉक्टरांकडे अजून गेलो नाही, ताईला बोलू नका.

आणखी ता.क. आठवतं. शब्दन्‌शब्द आठवतो. चुकलं माझं.

शेवटचं. प्लॅस्टिकची चासी फेकून दिली म्हणालो होतो, ते खोटं. कपाटात आहे. त्या दिवशी मी रागाने आपटली तेव्हा तिला मधोमध भेग पडली. भेगेच्या टोकाशी बारीक भोक पाडलं की ती पुढे सरकत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पाडलंय. भेग मिटलेली नाही, पण थांबलीय. रविवारी तीच बसवतो. तासभर टिकेल का, माहीत नाही. तुम्ही या मात्र. आणि टोपी आणा.